सोलापूरचं शाकाहारी मांजर

मी आयुष्यात एकच खोटं मन लावून बोललो, आणि तेही मांजराच्या जेवणाबद्दल. चौतीस वर्षं श्रीवर्धनला मास्तरकी केली, खोटं बोलणाऱ्या कितीतरी पोरापोरींना वर्गाच्या दारात अंगठे धरून उभं केलं, आणि साठी उलटल्यावर सोलापूरच्या एका बाईंना फोनवर बिनदिक्कत सांगितलं, की आमची ठमी शुद्ध शाकाहारी आहे. त्या एका वाक्यापायी सोलापुरात चार दिवस मला धक्क्यांवर धक्के बसले. ते लिहून काढल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या अनुजाला सोलापूरच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली. पोरीचं सामान थोडं, पण जनावरं दोन. एक ठमी, अकरा वर्षांची पांढरी मांजर, स्वभावानं जुन्या हेडबाईंसारखी. दुसरा कुत्रा, डांबऱ्या. रस्त्याच्या कामावर डांबराच्या पिंपामागं सापडला म्हणून डांबऱ्या. दोघांना इथंच ठेव, आम्ही बघतो, असं मी सांगून पाहिलं. पण त्यावर आमची हीच माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागली. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी अनुजाची पुण्याची नोकरी गेली आणि त्याच महिन्यात ठरलेलं लग्न मोडलं. पोरगी वर्षभर खोलीत बसून होती. आम्ही दोघं दाराबाहेरून उपदेश करत होतो. आत तिच्या पायाशी बसून होती ती ठमी, आणि पोरगी जेवायला उठायची ती ठमीला घालायचं असायचं म्हणून.

तर घर हवं होतं जनावरांसकट. सहा घरमालकांनी फोनवरच हात जोडले. सातव्या नीलाअक्का. घर विजापूर रोडच्या आत, वर त्या एकट्या राहणार, खालचं भाड्यानं द्यायचं. कुत्रं म्हटल्यावर त्या खूशच झाल्या, राखणीला बरं म्हणाल्या. मग म्हणाल्या, आमच्यात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, तुमचं मांजर खातं काय? अनुजा शेजारून हातानं नको नको करत होती. पण माझ्या डोळ्यांपुढं ते सहा नकार नाचत होते. मी म्हणालो, "दूधभात. दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही."

शनिवार : श्रीवर्धन ते सोलापूर

सामानाचा टेम्पो आदल्या दिवशीच पुढं गेला होता. गाडी अनुजा चालवत होती, शेजारी मी, माझ्या मांडीवर वेताच्या टोपलीत ठमी, मागं डांबऱ्या. डिकीत एक पत्र्याचा डबा. त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर माझं जुनं धोतर आणि वरून सुतळी. आत सुके बोंबील. हिनं निघताना बजावलं होतं, की ठमीला रोज एक द्या, पण त्या बाईंच्या नाकाला पत्ता लागू देऊ नका. शाकाहारी घरात मांजरासाठी बोंबील चोरून न्यायचे, ही अक्कल आम्हा कोकणी माणसांनाच सुचायची.

ताम्हिणीच्या वळणांवर डांबऱ्यानं सकाळचं सगळं माझ्या खांद्यावर काढलं. तो वास घेऊन मी पुढचे आठ तास बसलो. दुपारी भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी थांबलो. पाण्याचा पसारा बघून मला क्षणभर खाडीच वाटली. हॉटेलवाल्याला सांगितलं, एक मासा बिनमिठाचा, बिनतिखटाचा, नुसता उकडून द्या. त्यानं विचारलं, पेशंट कोण? मी टोपली उघडून दाखवली. तो निमूट आत गेला. ठमीनं मासा काट्यासकट साफ केला आणि ऐटीत मिशा पुसल्या.

टेंभुर्णी ओलांडली आणि दोन्ही बाजूंचा ऊसही मागं पडत गेला. मी डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेला माणूस, इथं डोंगर औषधालाही दिसेना. एवढं आभाळ एकदम अंगावर आलं, की मला बसल्या जागी उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. एप्रिल होता. मोहोळजवळ मी हौसेनं काच खाली केली आणि लगेच वर केली. आमच्याकडं उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात, इथं घाम यायच्या आधीच वाळतो. अनुजा म्हणाली, बाबा, काच उघडीच ठेवा, मला सवय करायचीय.

फाटकाशी अक्का उभ्याच होत्या. पासष्टीच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, इरकल साडी. अनुजाला त्यांनी उंबऱ्याबाहेर थांबवलं, पायांवर पाणी घातलं आणि भाकरतुकडा ओवाळला. आमच्याकडं हे नव्या नवरीला नाहीतर बाळंतिणीला करतात. भाडेकरणीला?  मग त्यांनी दुसरा तुकडा घेतला आणि मांजराच्या टोपलीवरून ओवाळला. तिसरा डांबऱ्यावरून. तो टाकायला हात मागं नेला, एवढ्यात डांबऱ्यानं तो वरच्यावर झेलून गिळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का हसून म्हणाल्या, "भुक्यालं हाय की लेकरू."

सामान लागायच्या आत वरून ताटं आली. ताटात पापडासारखं काही होतं, मी जोरात चावलो आणि माझी वरची कवळी हलली. ती कडक भाकरी. आधी हातानं मोडायची, दह्यात नाहीतर कालवणात भिजवायची, हे मला कोण सांगणार? शेंगाची चटणी मी आमच्या खोबऱ्याच्या चटणीसारखी बोटभर घेतली. पुढं काय झालं ते डोळ्यांतल्या पाण्यामुळं मला नीट दिसलं नाही. भात मागितला तर शेवटी घासभर मिळाला. पण खरा धक्का निराळाच. आमच्याकडं नवा भाडेकरू आला की घरमालक आधी नळाच्या वेळा सांगतो. इथं बाई समोर बसून म्हणत होत्या, आणिक घ्या की, लाजताय कशाला.

आणि मग दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी आली. ठमीसाठी, खास.

रविवार : माळ्यावरची ठमी

टोपली उघडल्याबरोबर ठमी जी उडाली ती थेट स्वयंपाकघराच्या माळ्यावर. मागच्या कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांआड जाऊन बसली. कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण घर तुटल्यावर मांजराचं काय होतं, ते मी पहिल्यांदा बघत होतो. दोन डोळे तेवढे दिसायचे. अनुजा स्टुलावर उभी राहून हाका मारून थकली. खाली दूधभाकरीची वाटी तशीच.

ती वाटी डांबऱ्यानं चाटून पुसून लख्ख केली. इथं माझी दुसरी चूक झाली. मी ती रिकामी वाटी विसळून वर पोचवली. अक्कांना वाटलं मांजरानं खाल्लं. त्यांनी तासाभरात दुसरी धाडली. तीही लख्ख परत. दुपारपर्यंत चार वाट्या झाल्या. डांबऱ्याचं पोट टम्म, ठमीचं खपाटीला, आणि अक्कांचा आनंद गगनात मावेना.

संध्याकाळी दाराशी चपलांचा आवाज. उघडलं तर पाच बायका. अक्का पुढं. मला वाटलं नव्या भाडेकरणीला भेटायला आल्या असतील. कसलं काय. अक्कांनी स्वयंपाकघरात नेऊन माळ्याकडं हात केला आणि कौतुकानं काहीतरी कानडीत सांगितलं, मग माझ्यासाठी मराठीत, की अंडं न्हाय, मासा न्हाय, नुसतं दूधभाकरी. एक म्हातारी म्हणाली, मागल्या जन्मी कुणीतरी मोठं तपस्वी असणार. आणि तिनं माळ्याकडं बघून चक्क हात जोडले.  खोक्यांमागून ठमी त्यांच्याकडं भिगवणचा मासा आठवत बघत असावी. एकीनं मला विचारलं, कसं शिकवलं हो? शाळेत मास्तर होते म्हणून जमलं असेल, असं दुसरीनंच परस्पर उत्तर दिलं.

त्या गेल्यावर अनुजानं माझी खरडपट्टी काढली. तिनं श्रीवर्धनच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, म्हातारं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर जातं, मग हाती लागत नाही. भिगवणपासून तिच्या पोटात कण नव्हता. "बाबा, वर जाऊन खरं सांगून या," अनुजा म्हणाली. मी म्हणालो, घर जाईल. उद्या तुझी नोकरी सुरू, तू ही बिऱ्हाडं घेऊन जाशील कुठं? डबा डिकीत आहे, पण तो घरात उघडला तर वास जिन्यावरून दोन मिनिटांत वर. ती स्टुलावरच बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ठमीला काही झालं तर मी इथं राहायची नाही. परत घरीही येणार नाही तुमच्या."

हा शेवटचा शब्द, 'तुमच्या', माझ्या जिव्हारी लागला. 

सोमवार : उंबऱ्यावरचा बोंबील

अनुजा डोळे सुजवून रिक्षानं कामावर गेली. मी ठरवलं, भर दुपारी, सगळे दारं लावून पडलेले असताना, डिकीतून एक बोंबील काढायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा, स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकायची आणि चार उदबत्त्या लावायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भरदुपारी पडलं होतं.

डिकीचं झाकण हाताला भाजलं. दोन दिवस उन्हात उभ्या गाडीत तो डबा नुसता तापला होता. सुतळी सोडली, धोतर काढलं, पिशव्या काढल्या. झाकण काही केल्या निघेना. गुडघ्यात धरून जोर लावला आणि ते फाटकन उडालं. बोंबील अंगणभर. आणि तो वास! मी आयुष्यभर त्या वासात वाढलोय, पण कोरड्या उन्हात, कडुनिंबाशेजारी, वर अक्कांची सोमवारची पूजा लांबलेली असताना तो मलाच परका वाटला.

मी वाकून गोळा करतोय तोवर डांबऱ्यानं एक उचलला. मला वाटलं कोपऱ्यात जाऊन खाईल. पण नाही. तो शेपटी उभारून जिना चढला. मी दबक्या आवाजात त्याला बोलवत मागं धावलो. अक्कांच्या दारात रांगोळी होती, तिच्या मधोमध त्यानं तो बोंबील नीट आडवा ठेवला आणि बाजूला बसून राहिला. दोन दिवस वाट्या चाटल्या होत्या ना, त्याची परतफेड. माझ्याहून इमानदार निघाला.

तेवढ्यात दार उघडलं. अक्कांच्या हातात पूजेच्या फुलांचं तबक. त्यांनी खाली बघितलं, वाकल्या, पुन्हा बघितलं.

"मास्तर, हे कसलं काड हाय?"

त्यांना माहीतच नव्हतं. पासष्ट वर्षांत त्यांनी सुका बोंबील पाहिलेलाच नव्हता. मला हमरस्ता मोकळा होता. मूळ आहे, औषधी आहे, कोकणातलं आहे, काहीही चाललं असतं. ओठांवर आलंही होतं. पण त्या म्हातारीनं माळ्याला जोडलेले हात आठवले आणि ते मी गिळलं.

"मासा आहे, अक्का," मी म्हणालो. "सुका. मांजराचा."

"मग दूधभाकरी कोण खाल्लं?"

डांबऱ्यानं शेपटी हलवली. अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तुमी शाळंत शिकवत व्हता न्हवं?" आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यावरच उभा होतो. आतून पाण्याचा आवाज आला, मग दार किलकिलं झालं आणि उंबऱ्यावर तांब्यानं पाणी पडलं. मी खाली आलो. सोमवार, त्यात शंकराच्या भक्ताच्या दारात मासा. घर गेलं, हे धरूनच चाललो होतो. बोंबील डब्यात भरून डबा पायरीवर ठेवला, डांबऱ्याला आत ढकललं आणि माळ्याकडं बघितलं. ठमीचे डोळेही मिटलेले. हाक मारली, उघडले नाहीत.  घराचं नंतर बघू म्हटलं आणि दार नुसतं ओढून जनावरांचा डॉक्टर शोधायला तसाच उन्हात निघालो.

त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका पानवाल्यानं दवाखाना दाखवला, तो चारला उघडणार होता. एकानं मला बसवून पाणी पाजलं आणि म्हणाला, टोपी न्हाय, छत्री न्हाय, जीव द्यायला निघालाय काय? दवाखान्याच्या पाटीवरचा फोन नंबर तळहातावर लिहून घेऊन परत फिरलो.

घराचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज येत होता. आत डोकावलो आणि दाराची चौकट धरली.

अक्का स्टुलावर उभ्या होत्या. पदर नाकातोंडावरून घट्ट बांधलेला. एका हातानं माळ्याची कड धरलेली, दुसऱ्या हातात सांडशी, आणि सांडशीच्या टोकाला बोंबील. तोंड एका बाजूला फिरवलेलं, डोळे गच्च मिटलेले. आणि त्या म्हणत होत्या, "बा, बा बंगारा, बा." मला कानडी येत नाही. पण लेकराला जेवायला बोलवायची भाषा कुठलीही कळते.

खोक्यांमागून ठमीचं पांढरं डोकं पुढं आलं. हुंगलं. मग सांडशीतून बोंबील ओढला आणि तिथंच, माळ्याच्या कडेला, कुरुम कुरुम खायला लागली. मी, निवृत्त शिक्षक, वय वर्षं त्रेसष्ट, दाराला टेकून रडलो. लाज वाटली नाही.

अक्कांनी डोळे उघडले, सांडशी मोरीत टाकली आणि मला म्हणाल्या, "मुकं जनावर. वाघाला कुणी गवत घालतंय व्हय?"

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. मग म्हणाल्या, "खरं सांगितला असता तर मी न्हायच म्हटलं असतं, मास्तर. ते बी खरं हाय." आणि डोक्यावरून आंघोळ करायला वर निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी पूजा दुसऱ्यांदा केली.

मंगळवार : निघताना

अटी ठरल्या. बोंबील मागल्या दारी, कपडे धुवायच्या दगडाजवळ. वाटी वेगळी, सांडशीही आता मांजराचीच. सोमवारी डबा बंद, ठमीला दहीभात. ठमी त्याला तोंड लावत नाही, पण एक दिवसाचा उपास तिला बाधत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अनुजानं अक्कांच्या पायावर डोकं ठेवलं. मला फक्त म्हणाली, बाबा, औषधं घेतलीत ना? माझ्याशी एवढं बोलली म्हणजे राग गेला.

स्टेशनावर जायला रिक्षा बोलावली. मी फाटकाशी उभा असताना ती म्हातारी शेजारीण पुन्हा आली, बरोबर कुणीतरी पाहुणी. शाकाहारी मांजर बघायला. आता अक्का काय सांगतात म्हणून मी वर बघितलं. अक्का गॅलरीतून शांतपणे म्हणाल्या, "झोपलंय ते. आत्ताच दूधभाकरी खाऊन." आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी रिक्षात बसलो तो सोलापूर स्टेशन येईपर्यंत आ वासूनच होतो.

परत श्रीवर्धनला

महिन्याभरानं अक्कांचा फोन आला. अनुजा बरी आहे, दुपारचा डबा मीच देते, डांबऱ्या जिन्यावर झोपतो, सगळं सांगून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, डबा तळाला गेलाय. पयला व्हता तसलाच पाठवा. बारका नको, बारका ती खात न्हाय."  ज्या बाईंना काडी आणि बोंबील यातला फरक कळत नव्हता, त्या मला बोंबलाचं माप सांगत होत्या.

संध्याकाळी बाजारात हिराकडं गेलो. ही माझीच विद्यार्थिनी, आता सुकी मासळी विकते. दोन किलो मोठे बोंबील निवडून दे म्हणालो. ती म्हणाली, मास्तर, घरात दोनच माणसं, एवढे कुणाला?

मी म्हटलं, आता आयुष्यात पुन्हा खोटं नाही. "सोलापूरला एक अक्का आहेत," मी सांगितलं. "त्यांनी मागवलेत. पूर्ण शाकाहारी आहेत."

हिरानं तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"सातवीत खोटं बोलले म्हणून तुमी मला दोन तास अंगठे धरायला लावले होते, मास्तर," ती म्हणाली. "आता तुमचं काय करू, सांगा."